आधी किण्वन की आधी प्रोटॉन? पहिल्या जिवांच्या ऊर्जेबद्दल

शेवाळ (धागालेखिका)

शाळा-कॉलेजात आपण सगळ्यांनी एक क्रम घोकलाय. आदिम समुद्रात सेंद्रिय पदार्थांचं 'सूप' साठलं, पहिल्या जिवांनी ते आंबवून गुजराण केली, म्हणजे आधी किण्वन. सूप संपत आलं तसं प्रकाशसंश्लेषण आलं, त्यातून ऑक्सिजन सुटला आणि सगळ्यात शेवटी श्वसन. १९२४ साली ओपारिन आणि १९२९ साली हाल्डेन यांनी जे मांडलं, त्यातून हा क्रम रुजला. (हाल्डेन म्हणजे तेच, जे १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) त्या काळी हातात असलेल्या माहितीवर तो तर्क चांगलाच होता. पण आज बघितलं तर हा क्रम बहुधा उलटा आहे, किमान त्याची सुरुवात तरी.

जिवाणू आणि आर्किया या सजीवांच्या सगळ्यात जुन्या दोन शाखा. ग्लुकोज तोडायची सोय दोन्हींत सापडते, पण ते काम करणारी विकरं (एन्झाइम) बऱ्याच पायऱ्यांवर एकमेकांच्या नात्यातली नाहीत. म्हणजे शाखा फुटल्यावर दोघांनी आपापली सोय स्वतंत्रपणे केली असावी. एटीपी सिंथेज, म्हणजे एटीपी हा पेशीचं ऊर्जेचं चलन असलेला रेणू बनवणारं प्रथिनयंत्र, मात्र दोघांकडे आहे आणि त्याचा मूळपुरुष एकच आहे, यात फारशी शंका घेता येत नाही. जी गोष्ट दोन्ही घराण्यांत एकाच वंशातून आली ती जुनी, एवढं साधं गणित आहे. शिवाय किण्वनाला आधी तयार साखर लागते. ती करणारं कोणी असायला हवं ना?

हे यंत्र करतं काय? पेशीच्या पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर. पेशी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पटलाबाहेर ढकलत राहते. बाहेर गर्दी, आत तुटवडा. दोन्ही बाजूंतला फरक साधारण १५० ते २०० मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण तो एवढ्याशा जाडीवर आहे, म्हणजे मीटरमागे सुमारे ३ कोटी व्होल्ट. हे प्रोटॉन एटीपी सिंथेजमधून परत आत घुसतात, त्या यंत्राचा दांडा अक्षरशः गोल फिरतो आणि दर फेऱ्याला तीन एटीपी बाहेर पडतात.

पीटर मिचेलनं १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांनी ती उडवून लावली. सगळे जण एटीपी बनण्याआधीचा एखादा 'ऊर्जाभारित' मधला रेणू शोधत होते आणि हा माणूस म्हणत होता की असा रेणूच नाही, आहे तो फक्त पटलाच्या दोन बाजूंमधला फरक. प्रकृती ढासळल्यावर मिचेलनं एडिंबरा सोडलं, कॉर्नवॉलमध्ये एक जुनी हवेली दुरुस्त करून घेतली आणि जेनिफर मॉइलबरोबर तिथंच प्रयोग केले. १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. मिथेन बनवणारे आर्किया, गटारातले जिवाणू, कडुनिंबाचं पान, तुम्ही-आम्ही, सगळे या प्रोटॉनांच्या फरकावर जगतो. इतका वाकडा मार्ग सगळ्यांच्या वाट्याला का यावा? मला पटणारं उत्तर असं की तो जिवांनी शोधलाच नाही. तो आयता मिळाला, खडकात.

समुद्राच्या तळाशी ऑलिव्हिन नावाचं लोह-मॅग्नेशियमचं खनिज असतं. भेगांतून पाणी मुरून त्याच्याशी भिडलं की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, खडकाचा सर्पेंटाइन होतो आणि पाण्यातला हायड्रोजन मोकळा सुटतो. उरलेलं कोमट पाणी भलतंच अल्कधर्मी होऊन वर येतं. सव्वाचार अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला होता, त्यामुळे ते पाणी सौम्य आम्ल. हायड्रोजन आणि हा कार्बन डायऑक्साइड यांची अभिक्रिया झाली तर ऊर्जा सुटते. आत सामू (पीएच) १० किंवा ११, बाहेर सहाच्या आसपास, मध्ये सच्छिद्र खनिजांच्या पातळ भिंती. प्रोटॉन बाहेर जास्त, आत कमी. आजच्या पेशीत असतो तसाच हा फरक, त्याच दिशेचा.

मायकेल रसेल या भूवैज्ञानिकानं असले झरे असणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या तळावर 'लॉस्ट सिटी' सापडलं. पांढऱ्या चुनखडीची धुराडी, सर्वांत उंच सुमारे ६० मीटर, पाणी ४० ते ९० अंश, सामू ९ ते ११. १९७९ पासून माहीत असलेल्या काळ्या धुराड्यांमधलं पाणी साडेतीनशे अंशांच्या पुढे आणि आम्लधर्मी, त्यामुळे हे प्रकरण पूर्ण वेगळं.

चर्चा होऊ द्या. फक्त 'हे सगळं आमच्या ग्रंथांत आधीच आहे' हा फाटा नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

---

नाठाळ

म्हणजे आपण सगळे बॅटरीवर चालतो. तरीच सोमवारी सकाळी चार्जिंग नसतं.

---

उंबरठा

छान लिहिलंय ताई. मी कॉमर्सवाला, त्यामुळे एक अडाणी प्रश्न. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडची अभिक्रिया ऊर्जा देते असं तुम्हीच म्हणता. मग त्या ऊर्जेतून थेट एटीपी का बनवू नये? हा प्रोटॉनांचा द्राविडी प्राणायाम कशाला?

---

शेवाळ

उंबरठा, प्रश्न अजिबात अडाणी नाही. सगळी गोम इथंच आहे.

अ‍ॅसिटोजेन नावाचे जिवाणू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून अ‍ॅसिटेट बनवतात. त्यांचा हिशोब बघा. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइडपासून झालेल्या फॉर्मेटला पुढच्या पायरीवर चढवायला एक एटीपी खर्च होतो. शेवटी अ‍ॅसिटिल फॉस्फेटपासून अ‍ॅसिटेट होताना एक एटीपी परत मिळतो. खर्च एक, जमा एक, शिल्लक शून्य. नुसत्या रसायनावर हा जीव जगूच शकत नाही.

पूर्ण अभिक्रियेतून ऊर्जा सुटते हे खरं, पण ती त्या जिवाच्या राहत्या परिस्थितीत अख्ख्या एका एटीपीला पुरेलच असं नाही. रेणूशी रेणू भिडवून एटीपी करायचा तर एका वेळी अख्खा एटीपीच करावा लागतो, पाव किंवा अर्धा करता येत नाही. प्रोटॉन ढकलणं म्हणजे सुट्टे पैसे गल्ल्यात टाकणं. एकदा अभिक्रिया झाली, एक-दोन प्रोटॉन बाहेर गेले. पुन्हा झाली, आणखी गेले. तीन-चार जमले की एक एटीपी. ज्या अभिक्रियेतून फुटकळच सुटतं, तिच्यावरही अशानं संसार चालतो.

म्हणूनच ही तरकीब नंतर बसवलेली चैन वाटत नाही मला. हायड्रोजनवर जगणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून लागते.

---

निवृत्त मास्तर

१९२९ वरून एक भर घालतो. हाल्डेननं आदिम सूप मांडलं त्याच वर्षी एटीपी सापडला. जर्मनीत कार्ल लोहमान आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, दोन्हीकडे स्वतंत्रपणे. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. पाठ्यपुस्तकात एटीपीच्या धड्याला त्यांच्या नावाची एक ओळ असायला कोणाची हरकत होती, कळत नाही. आपल्या शरीरात एका वेळी एटीपी असतो थोडाच, पण तोच पुन्हा पुन्हा तुटून बनतो आणि दिवसभराचा हिशोब केला तर साधारण आपल्या वजनाइतका भरतो.

आणि तो दांडा 'अक्षरशः' फिरतो हे शेवाळताईंनी बरोबर लिहिलंय. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी यंत्राचा डोक्याकडचा भाग काचेवर चिकटवला, मधल्या दांड्याला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला आणि एटीपी घातला. सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा घड्याळाच्या उलट दिशेनं गरगरताना दिसला. थांबत थांबत, एका फेऱ्यात तीन टप्पे. इथे यंत्र उलटं चालवलं होतं, म्हणजे एटीपी खर्चून फिरवलं होतं, हे लक्षात घ्या. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना या यंत्राच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. मी वर्गात तो व्हिडिओ दाखवायचो. शेवटच्या बाकावरची मंडळीही मान वर करायची.

---

प्रयोगवही

मी सेंद्रिय रसायनवाला, त्यामुळे जरा थंड पाणी ओततो.

पहिलं, एटीपी सिंथेज हे डझनभर भागांचं यंत्र आहे. ते बनवायला जनुकं, रायबोसोम, सगळा पसारा हवा. मग झऱ्यातला फुकटचा प्रोटॉन-फरक त्याआधी कोण वापरत होतं? टर्बाइन नसताना धरण बांधून काय उपयोग?

दुसरं, पेशीत हा फरक काही नॅनोमीटरवर असतो. धुराड्याची भिंत त्याच्या हजारो-लाखो पट जाड. फरक एवढ्या जाडीवर पसरला की त्याची धार जाते. बॅझ जॅक्सन यांनी हाच आक्षेप २०१६ मध्ये सविस्तर घेतला आहे.

तिसरं, पाणी. न्यूक्लिओटाइड जोडून आरएनए करायचा म्हणजे प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर काढायचा. समुद्राच्या तळाशी बसून? सदरलँडच्या गटानं २००९ मध्ये न्यूक्लिओटाइड बनवून दाखवले ते फॉस्फेट आणि अतिनील प्रकाशाच्या मदतीनं. मुल्किजानियन वगैरे मंडळी जमिनीवरच्या गरम डबक्यांच्या बाजूची आहेत. त्यांचा एक मुद्दा मला फार आवडतो. आपल्या पेशीत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, समुद्रात नेमकं उलटं. जीव समुद्रात जन्मला असता तर हा हट्ट आला कुठून?

---

बांधावरून

तुमच्या मोठ्या गप्पांत एक शेणातली गोष्ट. आमच्याकडे गोबर गॅस आहे, बरीच वर्षं. नव्या टाकीत शेण भरल्यावर पहिला गॅस येतो तो पेटत नाही. नुसता फुस्स. तो सोडून द्यायचा, काही दिवसांनी निळी ज्योत धरते. आणि लग्नकार्याला उरलेलं अन्न, शिळा भात, फळांच्या साली एकदम टाकीत ओतल्या की टाकी आंबते. वास बदलतो, डोम उचलत नाही, शेगडीवर चहा होत नाही. मग खाणं बंद करायचं आणि थोडी चुन्याची निवळी सोडायची. हे तुमचे हायड्रोजन खाणारे तेच का?

---

शेवाळ

बांधावरून, तेच! या धाग्यातले खरे नायक तुमच्या टाकीत आहेत.

पहिला गॅस पेटत नाही कारण तो बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन बनवणारे आर्किया सावकाश वाढतात, त्यांचं बस्तान बसायला वेळ लागतो. टाकीत त्यांच्या दोन वाटा. काही अ‍ॅसिटेट तोडून मिथेन करतात, गॅसचा मोठा वाटा तिकडून येतो. बाकीचे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून करतात, ही पुराणी वाट. शिळा भात एकदम पडला की आंबवणारे जिवाणू भराभर आम्लं बनवतात, सामू साडेसहाच्या खाली गेला की मिथेनवाले हात टेकतात, मग आम्ल खायला कोणी उरत नाही आणि ते साचतच जातं. चुना घालून तुम्ही सामू वर आणता.

दुसरी बाजूही आहे. आंबवणाऱ्यांना हायड्रोजन साचलेला चालत नाही, साचला की त्यांच्या काही अभिक्रिया पुढे सरकतच नाहीत. मिथेनवाले तो उचलतात म्हणून त्यांचं चालतं. बिल मार्टिन आणि म्युलर यांनी १९९८ मध्ये असं सुचवलं की केंद्रक असलेल्या पेशी, म्हणजे आपल्या पेशी, अशाच हायड्रोजनच्या देवाणघेवाणीतून जन्मल्या. पण तो वेगळा धागा.

आता प्रयोगवही, तुमच्याकडे वळते.

एटीपी सिंथेज आधी नव्हतं, मान्य. पण फरकाचं पहिलं काम एटीपी बनवणं नव्हतंच मुळी. कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन घुसवणं हे पहिलं काम. सामू सारखा असला तर हायड्रोजन ते इलेक्ट्रॉन सोडायला सहजी तयार नसतो, फॉर्मेटच्या पायरीवर गाडी अडते. पण सामू एकानं वाढला की हायड्रोजनची इलेक्ट्रॉन देण्याची ताकद ५९ मिलिव्होल्टनं वाढते. एका बाजूला सामू १० चा हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला आम्ल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, आणि मध्ये इलेक्ट्रॉन वाहून नेणारी लोह-गंधकाची भिंत, अशी मांडणी केली तर चढाचा उतार होऊन जातो. २०२० मध्ये हडसन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या बारीक नळ्यांत असा आयर्न-निकेल सल्फाइडचा पातळ पापुद्रा उभा केला. फॉर्मेट मिळालं. दोन्हीकडे सामू सारखा केल्यावर मिळालं नाही. टर्बाइन नाही, जनुकं नाहीत, विकर नाही.

त्याच वर्षी प्राइनर आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग दाखवला. मॅग्नेटाइट, ग्रेगाइट, अवारुआइट ही तीन खनिजं, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, १०० अंश, एक रात्र. सकाळी फॉर्मेट, अ‍ॅसिटेट आणि पायरुव्हेट. पायरुव्हेट! अकरावीत ज्याच्यावरून आपला छळ होतो तेच. आजचे अ‍ॅसिटोजेन आणि मिथेनवाले हेच काम ज्या विकरांनी करतात, त्यांच्या पोटात लोह, निकेल आणि गंधकाचे पुंजके आहेत. खनिजाचा तुकडा प्रथिनाच्या खोबणीत बसवलाय असं वाटावं इतकं साम्य.

आणि एटीपी? २०२२ मध्ये निक लेन यांच्या गटानं दाखवलं की साध्या पाण्यात अ‍ॅसिटिल फॉस्फेट एडीपीचा (एक फॉस्फेट कमी असलेल्या भावंडाचा) एटीपी करतं आणि त्याला फेरिक लोहाचा आयन मदत करतो. ग्वानिन, सायटोसिन, युरॅसिलवाल्या भावंडांना तो तसा हात देत नाही. एटीपीच का निवडला गेला, याचं रासायनिक कारण त्यात असू शकतं. बरोबर पाण्यात होतंय हे, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला अर्धं उत्तर.

---

वऱ्हाडी

आमचं लोणारबी अल्कधर्मी हाये, सामू १० च्या आसपास. मिथेनवाले जीवबी सापडले तिथं. मंग आमचं लोणार जीवसृष्टीचं माहेर का नाही?

---

कराडकर

लोणारच्या आधी कोयनेचा नंबर लावा हो. भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठणे इथं ३ किलोमीटर खोल विहीर घेतली आहे. वर सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, खाली ग्रॅनाइट. त्या खोल खडकांतून जिवाणू मिळाले, आयआयटी खरगपूरच्या लोकांनी अभ्यास केलाय. तिथं ना ऊन, ना झाडझाडोरा.

---

शेवाळ

दोघांनाही, प्रेमानं नाही म्हणते.

लोणारचं पाणी अल्कधर्मी आहे ते कार्बोनेट साचल्यामुळे. पाणी बाहेर जायला वाट नाही, बाष्पीभवन होत राहतं, क्षार उरतात. खालून हायड्रोजनचा झरा येत नाही, आणि तोच तर मुख्य माल. तिथले मिथेनवाले गाळात कुजणाऱ्या शेवाळावर पोसलेत, म्हणजे शेवटी सूर्यावरच.

कोयनेच्या खडकातले जीव विषयाच्या जास्त जवळ आहेत. काळोखात, खडक आणि पाण्याच्या जोरावर काय निभतं ते तिथं बघता येतं. पण ते नंतर येऊन वस्तीला राहिलेले. दख्खनचा बेसाल्टच ६ कोटी ६० लाख वर्षांचा, आपण बोलतोय ४ अब्ज वर्षांबद्दल.

---

उंबरठा

आता मला पोटॅशियमचं उत्तर हवंय. प्रयोगवहींचा तो मुद्दा शेवाळताईंनी गुपचूप वगळलाय असं दिसतंय. 😀

---

शेवाळ

वगळला नाही, शेवटाला ठेवला होता. :)

माझ्या मते तो मुद्दा जड आहे, पण निर्णायक नाही. पेशी सोडियम बाहेर फेकते ते पंपानं. सुरुवातीची पटलं गळकी असणार, त्यातून प्रोटॉनही आरपार जाणार. सोजो, पोमियान्कोव्स्की आणि लेन यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला की झऱ्यावर राहणाऱ्याला गळकं पटलच सोयीचं. प्रोटॉन आत आले तरी अल्कधर्मी पाणी ते शोषून घेतं, फरक टिकून राहतो. पण अशा वेळी नुसता प्रोटॉन-पंप बसवून काही हाती लागत नाही, ढकललेलं लगेच परत येतं. आधी प्रोटॉनच्या बदल्यात सोडियम बाहेर काढणारं प्रथिन हवं, कारण गळक्या पटलातून सोडियम प्रोटॉनइतका सहज परत येत नाही. म्हणजे सोडियम बाहेर काढण्याची सवय इथूनच लागली असू शकते, पोटॅशियमच्या डबक्याची गरज न पडता. मग पटल आवळता येतं आणि झरा सोडून निघता येतं.

जिवाणू आणि आर्किया यांच्या पटलांतले मेदरेणू मुळातून वेगळे आहेत, एकाचा ग्लिसरॉल फॉस्फेट दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा, हे कोडंही त्यात बसतं. दोघांनी पटल वेगवेगळं आवळलं, झरा वेगवेगळा सोडला.

---

नाठाळ

म्हणजे भाऊबंदकी चार अब्ज वर्षं जुनी. वाटण्या होऊन एकानं वेगळी चूल मांडली.

---

निवृत्त मास्तर

सगळ्या सजीवांच्या सर्वांत अलीकडच्या सामायिक पूर्वजाबद्दल कोणी लिहिलं नाही. मार्टिन यांच्या गटानं २०१६ मध्ये ३५५ प्रथिनकुळं त्या पूर्वजाच्या नावावर लावली. त्यातून निघालेलं चित्र असं: ऑक्सिजन नको, हायड्रोजन हवा, उष्णता चालते. २०२४ च्या अभ्यासानं त्याचं वय सुमारे ४.२ अब्ज वर्षं काढलं आणि त्याच्याकडे तब्बल २६०० च्या आसपास प्रथिनं असावीत असं म्हटलं. तोही बहुधा अ‍ॅसिटोजेन. पण एवढी प्रथिनं म्हणजे तो आजच्या साध्या जिवाणूच्या तोडीचा गडी, पहिला जीव नव्हे. त्याच्याकडे एटीपी सिंथेज होतं यावरून त्याच्याही आधीच्यांकडे काय होतं, ते ठरत नाही. शेवाळताई, तुमच्या पहिल्या मुद्द्याला ही कात्री लागते.

---

शेवाळ

मास्तर, लागते, पण किण्वनाच्या बाजूला त्याहून मोठी लागते. २०१६ च्या त्या यादीत पूर्वजाकडे साखर तोडायची ठोस यंत्रणा दिसत नाही, हायड्रोजनची दिसते. आणखी एक. आजचे काही मिथेनवाले आणि जिवाणू प्रोटॉन आत घेऊन त्यांच्या जोरावर हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनावर चढवतात. लोह-गंधकाच्या पुंजक्यांचं ते विकर आपल्या मायटोकॉन्ड्रियातल्या पहिल्या श्वसन-संकुलाच्या नात्यातलं आहे. म्हणजे प्रोटॉनांचा फरक वापरून कार्बनकडे इलेक्ट्रॉन पोचवण्याचं काम अजून चालू आहे, नुसतं प्रयोगशाळेतल्या पापुद्र्यात नाही.

---

बांधावरून

शनी ग्रहाच्या कुठल्याशा चंद्रावर गोबर गॅस आहे असं पेपरात आलं होतं, ते याच्याशीच जुळतं का?

---

शेवाळ

एन्सेलॅडस. बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहे आणि भेगांतून फवारे उडतात. कॅसिनी यान २०१५ मध्ये त्या फवाऱ्यातून गेलं, त्यात हायड्रोजन सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही आहे. पण तो मिथेन कोणी जीव बनवतो असं म्हणायला आज काहीही आधार नाही. हायड्रोजन न खाता शिल्लक राहिलाय, याचा अर्थ खाणारं कोणी नाही असाही लावता येतो.

---

प्रयोगवही

हडसनचा प्रयोग वाचला, चांगला आहे, दोन्हीकडे सामू सारखा ठेवून पडताळणीही नीट केली आहे. तरी माझी गाडी तीन ठिकाणी अडलेली आहे. फॉर्मेट मिळालं ते लिटरमागे काही मायक्रोमोल, तेवढ्यावर पुढची साखळी कशी पोसणार? फॉर्मेट एका प्रयोगात, पायरुव्हेट दुसऱ्यात, एटीपी तिसऱ्यात, आणि तिसऱ्यात एडीपी बाटलीतून आणून घातलेला. आणि सामूच्या फरकावर चालणाऱ्या प्रयोगात भिंत खनिजाची होती, मेदाम्लांचं पटल नव्हतं. खाऱ्या, गरम, अल्कधर्मी पाण्यात मेदाम्लांचे मिश्र पुंजके (पोकळ पिशव्या) टिकतात हे २०१९ मध्ये दाखवलंय, ते मला माहीत आहे. मग त्याच पुंजक्यांत लोह-गंधकाचे कण बसवा, बाहेर आम्ल, आत अल्क ठेवा, आणि आत तयार झालेलं एखादं मेदाम्ल त्याच पुंजक्याला वाढवताना दाखवा. तेवढं झालं की मी माझी डबकी सोडून तुमच्या धुराड्यावर राहायला येतो. तोवर सदरलँडकडेच मुक्काम.